सूर हुकला म्हणे!

इंग्रजीत सध्या एका विशेषणाची चलती आहे : टोन-डेफ. मूळ अर्थ साधा. सूर वरचा की खालचा हे ज्याच्या कानाला कळत नाही, तो. अशी माणसं खरोखर असतात आणि अगदी निरुपद्रवी असतात. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात एक काका आहेत. दर एकादशीला एकाच अभंगात ते पांडुरंगाला तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत हाका मारतात. पण कुणाकडे मयत झाली की तिरडी बांधायला पहिले हजर तेच. कुठे गप्प बसायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.

आणि हे विशेषण चिकटवलं जातं कुणाला? 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या तेलविहिरीवर स्फोट झाला. 11 कामगार गेले, समुद्रात तेल वाहत राहिलं. महिन्याभराने कंपनीचे मुख्याधिकारी टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले, हे संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, मला माझं आयुष्य परत हवंय. (ज्यांचं गेलं, ते 11 जण मागायला येणार नव्हते.) जूनमध्ये तेल वाहतच होतं आणि साहेब इंग्लंडात स्वतःच्या शिडाच्या बोटीची शर्यत बघत होते.

असल्या वागण्याला म्हणे टोन-डेफ! म्हणजे माणूस भला, बिचाऱ्याचा कान तेवढा कच्चा. अहो, हेच वाक्य कोमल गंधारात म्हटलं असतं तर चाललं असतं का? खोट काळजात आणि खापर कानावर.

आपल्याकडे 2013 च्या दुष्काळात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्याबद्दल जे बोलले, ते छापण्यासारखं नाही. सूर हुकला असं काही तेव्हा पारावर कुणी म्हटलं नाही. सरळ ‘माज’ म्हणाले. त्यांना माफी मागावी लागलीच, शिवाय कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश करत बसावं लागलं. त्या क्लेशाने किती पाऊस पडला ते सोडा, पण निदान दुखणं कानाचं नव्हे एवढं तरी मान्य झालं.

कंपन्यांना मात्र कानाचं दुखणंच परवडतं. एप्रिल 2017 मध्ये पेप्सीने जाहिरात काढली. रस्त्यावर मोर्चा, समोर पोलिसांची रांग. मॉडेल केंडल जेनर फोटोशूट सोडून मोर्चात शिरते, पोलिसाच्या हातात पेप्सीचा कॅन देते, तो घोट घेतो, जमाव जल्लोष करतो. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी गोळीबाराविरुद्ध अमेरिकेत लोक खरोखर रस्त्यावर उतरत होते, त्या काळातली ही गोष्ट. बोंबाबोंब होताच दुसऱ्या दिवशी जाहिरात मागे. नेम चुकला, माफ करा, असं निवेदन आलं. त्यात नाव घेऊन माफी मागितली होती ती एकाच व्यक्तीची. केंडल जेनरची. तिला या परिस्थितीत टाकल्याबद्दल.