पुणे राष्ट्राची पूर्व सीमा

पुणे हे स्वतंत्र राष्ट्र असावे, असा पुणेकरांचा संशय जुनाच. २३ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे राज्य सरकारने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि त्या संशयावर सरकारी शिक्का बसला. कालपर्यंत आम्ही दौंडकर जिच्यात म्हशी धूत होतो ती भीमा एका रात्रीत आंतरराष्ट्रीय नदी झाली. तिकडे शिरूरकडच्या घोड नदीलाही तीच बढती मिळाली. पलीकडचा श्रीगोंदा परदेश ठरला. आम्ही ज्या लेकी नदीपार दिल्या होत्या, त्यांचे नवरे बसल्या जागी एनआरआय झाले.

अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंत पुरी करायला अख्खी पहिली कारकीर्द पुरली नाही. आमच्याकडे गावोगावच्या पोरांनी रातोरात वेशीत बाभळीचे फास टाकले. काही ठिकाणी तर जेसीबी लावून रस्ताच उकरला. मेक्सिकोला बिल पाठवण्याची भानगडही नाही. बाहेरचा माणूस ओळखायचा कसा, एवढीच अडचण होती. पण तीही लवकर सुटली. पुण्यात हमाली करणारा सख्खा चुलतभाऊ गाठोडे घेऊन चालत आला तर तो बाहेरचा. तोच गाडीतून आला तर दादा.

फौजेची वाण तर दौंडला कधीच नव्हती. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट इथलेच, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. पण ही फौज बंदोबस्ताला मुंबईकडे गेलेली. ते जवान परतले तेव्हा त्यांच्यातल्या काहींना कोरोना निघाला. आम्ही इकडे बाभळीआडून सायकलवाल्यावर डोळे रोखून बसलो होतो आणि विषाणू सरकारी गाडीतून आला. जवानांचा काय दोष म्हणा, त्यांना जा म्हटले, ते गेले. बाकी पोटासाठी गेलेल्या कुणाला एवढी सवलत देण्याची आमची पद्धत नाही.

सगळ्यांत सुरेख कारभार ऊसतोडीचा. साखर जीवनावश्यक, त्यामुळे देश बंद असला तरी ऊस तोडायला परवानगी होती. फडात वाकायला पास लागत नव्हता, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत टाकायला लागत नव्हता. पट्टा पडला, हिशेब झाला, आता बीडला गावी जातो म्हटल्यावर मात्र तोच माणूस संसर्गजन्य ठरला. बैल बांधलेले, वाढे संपत आलेले, म्हातारी गावाकडे एकटी, आणि मुकादमाचा फोन बंद. राज्यभरात असे लाखाहून जास्त मजूर कारखान्यांच्या आवारात आणि कोप्यांवर अडकले होते. १७ एप्रिलला सरकारने त्यांना जाण्याची मुभा दिली. आधी तपासणी, मग यादी, मग प्रमाणपत्र, आणि एवढे सोपस्कार उरकून गावी पोचल्यावर वेशीत पुन्हा बाभळच.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २० एप्रिलला, देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर टोलवसुली पुन्हा सुरू झाली. माणसाला मोकळे करायला जवळपास महिना लागला, नाक्यालाही तेवढाच. सरकार भेदभाव करत नाही, ते असे.

आमच्या सोलापूर रस्त्याने त्या उन्हाळ्यात जी माणसे चालत गेली, ती आम्ही सर्वांनी पाहिली. पाहण्यात आम्ही कमी पडलो नाही. डोक्यावर बोचके, कडेवर पोर, पायात असली तर स्लीपर. कोण कर्नाटकातला, कोण तेलंगणातला. गुऱ्हाळांवर राबणारी उत्तरेकडची माणसे चुलवाण विझवून रेल्वेच्या बातमीकडे कान लावून बसली होती. पाटसच्या पुढे कुणी पाणी दिले, कुणी खिचडी दिली, आणि देता देता फोटो काढायला एक जण राखून ठेवला. खोटे कशाला बोला, खिचडी गरम होती.

पण सीमा अगदीच निष्ठुर होती असे नाही. रीतसर कागद असला की ती लाजून बाजूला व्हायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उद्योजक वाधवान कुटुंबीय आणि त्यांची मंडळी, एकूण २३ जण, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली. पुणे राष्ट्रातून थेट सातारा राष्ट्रात. हातात गृहखात्याचे प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांचे पत्र होते. बोभाटा झाला, गुप्तासाहेब सक्तीच्या रजेवर गेले. सप्टेंबरात ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. सीमेचा इतका दांडगा अनुभव असलेला माणूस पुण्याला दुसरा कुठे मिळाला असता?

वाधवानांच्या प्रवासानंतर महिनाभराने, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून मध्य प्रदेशाकडे निघाले होते. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून रुळांची वाट धरली होती. पत्र नव्हते. भाकऱ्या होत्या.

तुकोबांनाही त्या वर्षी पायी जाता आले नाही. एरवी वरवंडचा मुक्काम हलवून पालखी पाटसला येते आणि रोटीचा घाट चढते. २०२० मध्ये पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. परवानगी मिळाली हे बरेच झाले. नाहीतर व्यवसाय वाण्याचा, पत्ता देहूचा, प्रवासाचे कारण 'भेट', एवढ्यावर कुठल्या नाक्याने सोडले असते?

पुढे १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारणा झाली, की गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले? श्रम मंत्रालयाने सांगितले, अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि आकडेवारी नाही म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. पाटसच्या टोलनाक्यावरून त्या वर्षी वाहने किती गेली, हे कुणी विचारले असते तर मात्र उत्तर मिळाले असते. तारीखवार, पावतीसकट.