कोऱ्या चेहऱ्याचा माणूस

परदेशी प्रश्नावलीचं मराठी रूप पेशंटला कळतं का, हे तपासायचीही एक पद्धत आहे. मराठी मजकूर तिसऱ्याच माणसाकडून परत इंग्रजीत करून घेतात, मुळाशी ताडून पाहतात, मग खऱ्या पेशंटपुढे ठेवतात. त्याने प्रश्न वाचून काय समजलं ते सांगायचं. विचारणाऱ्याने मात्र अर्थ सांगायचा नाही, मान डोलवायची नाही, आवाज एका पट्टीत आणि चेहरा कोरा ठेवायचा. रिक्षावाल्यालाही रस्ता समजावून सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम कोणी दिलं, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

पार्किन्सनसाठीची नावाजलेली प्रश्नावली म्हणजे ऑक्सफर्डची 1995 सालची पीडीक्यू-39. तिच्याच भाऊबंदांतली एक घेऊन मी वालचंदनगरवरून मोटरसायकलने निरवांगीला गेलो. माझे पेशंट तात्या ओट्यावर बसले होते. भोवती अर्धी आळी.

"आजारामुळे चारचौघांत संकोच वाटला का?"

"चारचौघं हितंच हैत की. त्यास्नीच इचारा."

चारचौघांचं एकमत होईना. "ह्यांना कवाच न्हवता," काकूंनी आतून निकाल दिला.

"पण प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?"

"म्हंजे तुमाला ठावं न्हाई व्हय?" तात्यांच्या आवाजात माया आली.

मी चेहरा कोरा ठेवला. तिथेच घात झाला. कैक वर्षं गोळ्या घेऊन तात्या या दुखण्यात डॉक्टरांच्या खालोखाल तयार झालेले. ते मला निरखू लागले. चेहरा हलत नाही. आवाज बसका. समासात जागा नसल्याने माझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालेलं. त्यात बशीतला चहा गरम, हात थरथरला.

"उजवाच," तात्या हळूच म्हणाले. "आमचंबी उजव्याच हातापासनं सुरू झालंतं."

पार्किन्सनचा कंप हात स्वस्थ असताना जास्त दिसतो, बशी धरल्यावर नव्हे, हे मला माहीत होतं. पण समजावून सांगायला बंदी! आणि तात्यांना हसावं तरी कसं? 1817 साली जेम्स पार्किन्सनने ज्या सहा जणांवरून हा आजार मांडला, त्यांतल्या काहींना त्याने नुसतं रस्त्यात पाहिलं होतं. तात्यांनी मला निदान चहा तरी पाजला.

मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. दिवसा अवचित डुलकी लागते? वाचताना लक्ष उडतं? गोष्टी विसरता? मी प्रामाणिक माणूस. "नेहमी" या रकान्यात खुणा पडत गेल्या. या प्रश्नावल्यांत गुण जास्त म्हणजे त्रास जास्त, आणि बेरजेत मी तात्यांच्या बराच पुढे निघालो.

"गोळी दुधासंगं घिऊ नगा. जेवणाआधी अर्धा तास," त्यांनी बजावलं. प्रथिनांमुळे लेव्होडोपा नीट शोषली जात नाही, हे खरंच आहे. मी कोऱ्या चेहऱ्याने लिहून घेतलं.

काकूंनी मला एकट्याला गाडी चालवू दिली नाही. वालचंदनगरपर्यंत नातवाने चालवली. मी मागे, त्याच्या कमरेला धरून.