रा. रा. साडेचारशे वॅट यांस

प्रति,
रा. रा. एसएमपीएस (४५० वॅट, स्वघोषित),
कॅबिनेटचं तळघर, पत्र्याच्या पडद्याआड.

विषय: आपण कामावर असताना इतरांना झालेल्या शिक्षांबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपली आमची तशी ओळख नाही. आपली ओळख करून देण्याची पद्धतच नाही. भाचीने पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जुळवायचा घाट घातला, तेव्हा दुकानातून आलेल्या कोटेशनवर प्रत्येकाचं नावगाव लिहिलेलं होतं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, रॅम किती जीबीची नि किती वेगाची, एसएसडी कुठल्या पिढीची, सगळं. तळाशी या सगळ्यांना वीज पुरवणारे आपण: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. ना कंपनी, ना मॉडेल. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांचीसुद्धा नावं छापतात. आपला मान त्याहून खालचा.

“वेगळा एसएमपीएस कशाला घेताय? कॅबिनेटसोबत येतोय की. तेवढे पैसे कार्डात टाका,” काउंटरवरचे दादा म्हणाले. कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटरच्या गल्लीत हे वाक्य ऐकू येतं, आणि ते पटतंही. कार्डावर टाकलेला पैसा पडद्यावर दिसतो. आपल्यावर टाकलेला कुठेच दिसत नाही. आपलं सगळं साम्राज्य या एका गोष्टीवर उभं आहे. शिवाय हल्ली कॅबिनेटला एका अंगाने काच असते. आत पंखे सात रंगांत नाचत असतात, रॅमसुद्धा नटूनथटून उभी असते. आपल्यावर मात्र बनवणाऱ्यानेच झाकण घातलेलं. गुन्हेगाराला याहून सोयीचा पत्ता कुठला?

पोरीने काम मन लावून केलं. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ भोकं बघून लावले. मागची आयओ शील्ड बोर्डाच्या आधी बसवली (बरेच नवखे तिला विसरतात आणि सगळं पुन्हा उचकटतात). प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि १३३१ पिनांपैकी एकही न वाकवता तो खाली सोडला. अक्षरशः सोडला; तो दाबायचा नसतो. घाम काढला तो पुढच्या बटणाच्या वायरींनी. चिमटीत न येणाऱ्या काळ्या टोप्या, त्यांवर बारीक अक्षरांत पॉवर, रिसेट, एलईडी, आणि बोर्डावर नेमक्या त्याच जागी अंधार. आपल्याला बसवायला मात्र चार स्क्रू पुरले. पाठीवरचा लाल खटका ११५ वर नसून २३० वर आहे ना, हेही तिने आधी पाहून घेतलं. तो चुकला असता तर आपला पराक्रम पहिल्याच दिवशी, मोठा आवाज करून, जगजाहीर झाला असता.

“मामा, हा इतका हलका कसा?” तिने आपल्याला हातात तोलत विचारलं होतं. प्रश्न मुळावरच घाव घालणारा होता. पण तेवढ्यात दुसरीच अडचण निघाली. ग्राफिक्स कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर आपल्याकडे नव्हतीच. दुकानातून दोन मोलेक्स एकत्र करून आठ पिना बनवणारी जोडवायर आली. मग बटण दाबलं, पंखे फिरले, बायोसचा पडदा उजळला आणि घरात पेढे आले. आपल्या वजनाचा विषय पेढ्यांबरोबर गिळला गेला.

त्यानंतर आपण जे वागलात त्याला तोड नाही. मेल पाहायची, सिनेमा पाहायचा, तोवर आपण गोगलगाय. तिने ब्लेंडरमध्ये रेंडर लावला, किंवा तिच्या भावाच्या गेममध्ये जरा धुमश्चक्री सुरू झाली, की पडदा काळा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एकच नोंद: कर्नल-पॉवर, ४१. अर्थ काय, तर मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. एवढं आम्हालाही दिसत होतं.

मग धरपकड सुरू झाली. पहिला संशय रॅमवर. तिला काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासून पुन्हा बसवलं आणि रात्रभर मेमटेस्टच्या ताब्यात दिलं. निर्दोष सुटली. मग विंडोज पुसून नव्याने टाकलं. ग्राफिक्सचे ड्रायव्हर जुने टाकून पाहिले, नवे टाकून पाहिले. प्रोसेसर तापत असेल म्हणून पंखा उतरवून थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. तापमान आधीही ठीक होतं, नंतरही ठीकच. आपण तळघरात बसून सगळं ऐकत होतात.

यानंतर आपल्याला वकील मिळाला: आमची ताई. “आपल्याकडची लाइटच खराब.” वीज मंडळाचं २००५ मध्ये महावितरण झालं, पण आमच्याकडे शिव्या अजून एमएसईबीच्याच नावाने पडतात. त्या पडल्या. आईचा मिक्सर लागला की व्होल्टेज पडतं, असा शोध लागून संध्याकाळची चटणी बंद झाली. दाण्याच्या कुटाची वेळ सकाळी सहावर गेली. महोदय, एका सत्तरीच्या बाईने आपल्यापायी पहाटे मिक्सर लावला आहे.

तरी जमेना, म्हणून यूपीएस आला. इथे आपण कमाल केलीत. लाइट गेली की साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सचे नियम त्यासाठी साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरायला सांगतात. आपल्याला तेही झेपेना. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करत इमानदारीने जागा, आणि कॉम्प्युटर गार. यूपीएसवाल्याला घरी बोलावून झापण्यात आलं. नवीकोरी बॅटरी दाखवत तो बिचारा शपथा घेत होता. त्या माणसाची तरी आपण माफी मागावी.

आपला बुरखा भाचीनेच फाडला. आपल्याला बाहेर काढून उलटं केलं आणि अंगावरचा स्टिकर वाचला. कुणीतरी तो वाचेल, अशी आपली कल्पनाही नसावी. ३.३ व्होल्टवर २८ अँपिअर, ५ व्होल्टवर ३० अँपिअर, १२ व्होल्टवर १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे ती दहावीतच शिकली. ९२, १५० आणि १६८. तिन्हींची बेरीज ४१० च्या आसपास. स्टँडबायची आणि उणे १२ व्होल्टची चिल्लर धरली तरी ४३० गाठत नाही. वरचे वीस वॅट स्टिकर छापणाऱ्याने पदरचे घातले असावेत.

पण ही बेरीजही फसवी. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. पूर्वी प्रोसेसरची भिस्त ५ व्होल्टवर असे. २००० च्या सुमारास, पेंटियम ४ च्या वेळी, हिशेब बदलला आणि एसएमपीएसला १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली. आपण ती वायर तेवढी लावून घेतलीत, आतला हिशेब जुनाच ठेवलात. म्हणजे या घरासाठी आपण साडेचारशेचे नव्हे, १६८ वॅटचे. एकट्या ३०६० ची भूक १७० वॅट. बनवणारी कंपनी तिच्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या असं सांगते. म्हणजे कार्डालाच दोन वॅट कमी. प्रोसेसरने, एसएसडीने आणि पंख्यांनी एकादशी करायची.

हे सगळं खोटं बोलणं आहे का? तेवढी हिंमतही आपल्यात नाही. खरा आकडा आपण अंगावरच छापलात, फक्त बारीक अक्षरांत, आणि मोठ्या अक्षरांत ४५०. प्रोसेसर किंवा कार्ड कमी पळालं तर दुसऱ्या दिवशी जगभर बोभाटा होतो. आपली परीक्षा कुणी घेत नाही. मार्क आपणच लिहायचे, सहीही आपलीच.

बरं, शिक्क्याचं म्हणाल तर २००४ पासून ‘८० प्लस’ नावाचं प्रमाणपत्र आहे. आपल्या अंगावर त्याच्यासारखाच दिसणारा एक गोल आहे, पण ते प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या यादीत आपला पत्ता नाही. (ते प्रमाणपत्र म्हणजे काही अमृत नव्हे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी कामाला किती आली हे ते मुख्यतः मोजतं. शॉर्ट झाल्यावर आपण कसे वागाल हे ते विचारत नाही. पण आपण त्या पायरीपर्यंतही पोचला नाहीत.)

आपलं पोट फाडलं ते ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने. घरी फाडायचं नसतं. २३० व्होल्टची वीज आत शिरताच सव्वातीनशे व्होल्टच्या घरात डीसी होते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते. त्याने ती उतरवली आणि भिंग पुढे केलं. वीज जिथून आत येते तिथे सर्किटवर पांढऱ्या शाईत कॉइलची जागा आखलेली होती. कॉइल नव्हती, तिच्याऐवजी दोन भोकांत वाकवून डागलेली तार. शेजारी कपॅसिटरच्या चौकटी छापलेल्या, आत काही नाही, भोकं कथिलाने बुजवलेली. मोठ्या कपॅसिटरसाठी ऐसपैस वर्तुळ आखलेलं आणि त्याच्या मधोमध निम्म्या अंगाचा एक कपॅसिटर उभा. मिलिसेकंदांचं रहस्य तिथेच उलगडलं.

“साहेब, हा फिल्टर नाही, फिल्टरचा नकाशा आहे,” तो म्हणाला.

त्यातून ताईचं एक कोडंही सुटलं. घरात अर्थिंग नीट नसेल तर चांगल्या एसएमपीएसच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडीशी गळती अर्थिंगकडे पाठवत असतात, तिला वाट मिळत नाही. आमच्या जुन्या वायरिंगच्या घरातही आपण कधी झिणझिण्या दिल्या नाहीत. “बाकी काही म्हणा, शॉक मारत नाही,” असं प्रशस्तिपत्र ताईने आपल्याला दिलं होतं. फिल्टरच नाही तर गळती कुठली! आता इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगची वायर ओढून घेतली आहे. तो खर्च आपल्या खात्यावर मांडलाय.

आपल्या जागी नवे गृहस्थ आले आहेत. नाव आहे, मॉडेल आहे, पाच वर्षांची वॉरंटी आहे, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर आहेत. उचलताना मनगटाला कळतं. रेंडर रात्रभर चालतो. आईची चटणी संध्याकाळी होते.

आपल्याला परत करायला दुकानात नेलं, तेव्हा दादांनी आपल्या मोठ्या जोडातल्या हिरव्या आणि काळ्या वायरीत एक क्लिप खोचली. आपला पंखा लगेच गरगरला. “हे बघा, चालू आहे की! ठेवून जा, दोनशे रुपये वळते करतो.” आमच्या मागे एक मुलगा वडिलांबरोबर उभा होता. त्याच्या हातात कोटेशन होतं, आणि दादांचा हात आपल्यासाठी पुढे झालेला. आम्ही दोनशे रुपयांवर पाणी सोडलं आणि आपल्याला पिशवीत घातलं. घरी आल्यावर भाचीने पक्कड घेऊन आपला २४ पिनांचा जोड मुळापासून छाटला. पाठोपाठ प्रोसेसरची वायर, मोलेक्स, सगळं. आता आपल्याला कुणी कुणाच्या कॅबिनेटसोबत फुकट देणार नाही.

कळावे. लोभ नसावा.

एका नव्या असेंबलरचा मामा

ता. क. ई-कचरा नेणारे रविवारी येणार आहेत. आपला पंखा दुरुस्तीवाल्याने आधीच सोडवून घेतला. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही.