दयाळाशी दावा

पहाटे पावणेसहाला खिडकीवर टकटक झाली, तेव्हा मला वाटलं दूधवाला. मग आठवलं, आमचा दूधवाला खिडकी वाजवत नाही. तो बेल दाबतो आणि बोट काढायचं विसरतो. "अहो, बघा ना कोण आहे," पांघरुणातून आवाज आला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की बाहेर चोर असो नाहीतर पाहुणा, बघायला कोणी उठायचं हे ठरलेलं असतं.

बाहेर वकीलसाहेब होते. काळा कोट, पांढरा शर्ट, मान ताठ. फक्त शेपटीही ताठ होती, म्हणून दयाळ पक्षी आहे हे ओळखता आलं. गजावर बसून त्याने मला एकदा डाव्या डोळ्याने पाहिलं, एकदा उजव्या. दखल घेण्याजोगं काही नाही असा निकाल दिला आणि काचेवर झेप घेतली. टक्. परत गजावर. टक्. उडून जाताना खिडकीच्या कठड्यावर पांढऱ्या शाईत सही.

ज्याने कोणी याचं नाव दयाळ ठेवलं, त्याच्या घराला काचेच्या खिडक्या नसणार.

हे सगळं पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू झालं. पाडव्यासाठी बायकोने घरातल्या काचा कागदाने घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. आमचं घर तळमजल्यावर, खिडकीसमोर पार्किंग, त्यापलीकडे आंबा. जिन्याखालच्या मोडक्या मीटरपेटीत दयाळाच्या मादीने काड्या, मुळं आणि आमच्या केरसुणीचे चार हीर नेऊन संसार मांडला होता. ही मादी राखाडी, अबोल. घरटं तीच बांधते, अंडी तीच उबवते, दोन आठवडे तीच बसून राहते. नवऱ्याकडे संरक्षण खातं. त्याने खात्याची पाहणी करताना आमच्या लख्ख काचेत डोकावलं आणि त्याला दुसरा दयाळ दिसला. तितकाच काळा, तितकाच संतापलेला.

त्याची अडचण मला दोन दिवसांनी समजली. खरा परका नर असता तर थोडी आरडाओरड, थोडी पिसं फुलवणं, आणि एकजण पळाला असता. काचेतला मात्र जशास तसा. हा चोच उगारतो, तोही उगारतो. हा दमून आंब्यावर गेला की तोही नाहीसा होतो. मग आमचा गडी शेंड्यावर बसून विजयाचं गाणं म्हणतो. गातो मात्र असा की भांडण विसरावं! मधेच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. गाणं संपवून खातरजमा करायला खिडकीवर परत येतो, तर लुच्चा परत हजर!

पुस्तकं काढली. इंग्लंडमधल्या डेव्हिड लॅक या पक्षीतज्ज्ञाने तिकडच्या रॉबिनवर प्रयोग केले होते. 1943 साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पेंढा भरलेला रॉबिन हद्दीत ठेवला तर रॉबिन त्याच्यावर तुटून पडे. शेवटी नुसती मूठभर लाल पिसं ठेवली, तरी तेच. हे वाचून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण समोरच्या विंगमधल्या शेजाऱ्यांशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो, आणि तेही पार्किंगच्या एका चुन्याच्या रेघेवरून. रेघ पहिल्याच पावसात धुऊन गेली होती.

पुढचं वाचन आणखी निराश करणारं होतं. दयाळाची वीण साधारण मार्च ते जुलै. तेव्हा एप्रिलची नऊ तारीख होती. घरटं काढावं, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा. वकील तोच आणि कायदाही त्याच्याच बाजूने. शिवाय हा बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षी. तिथे याला दोएल म्हणतात, त्यांच्या दोन टाकांच्या नोटेवर याचं चित्र असे. म्हणजे केरसुणी उगारायची तरी परराष्ट्र खात्याला विचारून.

मग उपाय. आधी पडदा लावला. हल्ले दुप्पट झाले. आत अंधार आणि बाहेर उजेड असला की काचेचा आरसा होतो, ही गोष्ट मी नववीच्या परीक्षेत लिहिलेली असावी. आतून वर्तमानपत्र चिकटवलं. वकीलसाहेबांना प्रतिस्पर्धी आणखी ठसठशीत दिसू लागला. मग कुणीतरी सांगितलं, चकचकीत सीडी टांगा, पक्षी घाबरतात. बायकोने आमच्या लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली सीडी दिली, इतक्या सहज दिली की मला जरा लागलंच. आता त्याला दोन शत्रू झाले, त्यातला एक गोल गोल फिरणारा. शेवटी रबरी साप आणून कठड्यावर ठेवला. भांडी घासणाऱ्या मावशी तो पाहून ज्या किंचाळल्या, त्या दोन दिवस आल्या नाहीत. दयाळ सापाच्या फण्यावर बसला. काचेवर झेपावायला ती उंची त्याला सोयीची पडली.

"मी म्हणत होते, काचा इतक्या पुसू नयेत," आई म्हणाली. ब्याऐंशीव्या वर्षी आई असं काही पाचपन्नास वर्षांपासून म्हणत असल्यासारखं म्हणते. बायको काही बोलली नाही. कुकरची शिट्टी मात्र जोरात झाली.

पण आईचंच खरं होतं. काच बाहेरून आंधळी करायला हवी होती. मी भांड्यांचा साबण ओला करून बाहेरून काचेवर फासला, वर गव्हाच्या पिठाची खळ करून पेपर डकवले. दुसऱ्या दिवशी सहाला वकीलसाहेब आले. गजावर बसले. मान डावीकडे, मान उजवीकडे. समोर छोट्या जाहिराती. पंधरा मिनिटं थांबून निघून गेले, सहीसुद्धा केली नाही. सोसायटीचे चिटणीस मात्र येऊन गेले. खिडक्यांना कागद लावल्याने इमारतीच्या शोभेला बाधा येते, असं त्यांचं म्हणणं होतं. बोलता बोलता त्यांनी वधू-वर सूचक मंडळाचा नंबर उतरवून घेतला.

तीन दिवस आम्ही साडेसातपर्यंत झोपलो.

चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात समोरच्या विंगमधले शेजारी. नऊ वर्षांत त्यांचे केस बरेच गेले होते. पार्किंगमधून मला ते फक्त टोपीतच दिसत.

"तुमचा पक्षी आवरा," ते म्हणाले.

"आमचा?"

"तुमच्या खिडकीवर यायचा ना? आता माझ्या गाडीच्या आरशांना टोचे मारतोय. दोन्ही दारांवर पांढरे ओघळ आलेत. काल धुतली होती हो गाडी!"

"धुऊ नका," आतून आई म्हणाली.

मी त्यांना बसवलं. आरशांवर मोजे चढवा, असं सुचवलं. त्यांच्याकडे जुने मोजे नव्हते. निवृत्तीनंतर ते चपलाच घालतात. मी माझी एक जोडी दिली, उजव्याला अंगठ्याशी भोक होतं. बायकोने चहा टाकला. साखर किती, हे तिने न विचारता बरोबर घातली. म्हणजे नऊ वर्षं या दोघींचं बोलणं चालूच होतं तर, त्यांच्या बायकोचं आणि हिचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेपराची एक कड उचकटून पाहिलं. शेजाऱ्यांची गाडी माझे मोजे घालून उभी होती. उजव्या मोज्याच्या भोकातून रुपयाएवढा आरसा चमकत होता आणि वकीलसाहेब एक डोळा त्या भोकाला लावून आत बघत होते. तेवढ्यात शेजारी हातात केरसुणी घेऊन बाहेर आले, माझ्या खिडकीकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि दोन गाड्यांच्या मधोमध, जिथे पूर्वी ती रेघ होती साधारण तिथेच, उकिडवे बसून राहिले.