अप्पांचा चौकशी अहवाल

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यानंतरच्या सोमवारी अलिबागच्या एखाद्या सरकारी कचेरीत, कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी ‘आई गं’ म्हणत उतरणारा माणूस दिसला तर त्याला संधिवात झालाय असं समजू नये. तो आमच्या अप्पांच्या पंथातला असतो. चेहरा वेदनेचा, पण शर्टाच्या आत मेडल.

अप्पा पन्नाशीला टेकलेले. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून अलिबागेत कचेऱ्या भरपूर, त्यातल्या एकीत ते आस्थापना शाखेत. आयुष्यभर इतरांच्या विभागीय चौकश्या हाताळल्या. मध्यंतरी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘रोज चालत जा.’’ आलेल्या आदेशात स्वतःहून एक शब्दही न वाढवणाऱ्या अप्पांनी नोकरीत प्रथमच अधिकाराबाहेर जाऊन काही केलं आणि ते धावायला लागले.

तेव्हापासून त्यांचा तालुक्याचा नकाशा बदलला. अक्षी म्हणजे वॉर्म-अप, नागाव म्हणजे पाणी, चौल म्हणजे दुसरं एनर्जी जेल आणि रेवदंडा म्हणजे ‘टर्निंग पॉइंट’. देवदर्शनाला म्हणून वर्षातून एकदा चढायचा कनकेश्वर आता दर मंगळवारी ‘हिल वर्कआउट’ला. देवळात जायचं राहून जातं, कारण वर पोचल्यावर घड्याळ थांबवावं लागतं. पहाटे वरसोलीच्या किनाऱ्यावर त्यांना प्रथम धावताना पाहून जाळं आवरणारी एक कोळीण काळजीने ओरडली होती, ‘‘भाव, कोन लागलाय मागं?’’ आता ती विचारत नाही. कुणीतरी लागलेलं आहे, एवढं तिला पटलंय.

या माणसाचं गणित कच्चं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणं त्यांना आजोबांनी शिकवलेलं. एकादशी म्हटलं की ‘सव्वाआठची भरती’ हे उत्तर कॅलेंडर न बघता येतं. ओहोटीची घट्ट वाळू किती वाजता मिळेल, कुलाबा किल्ल्याच्या दरवाजाला हात लावून पाणी चढायच्या आत परत येता येईल का, हे सगळं तोंडपाठ. मात्र 42.195 किलोमीटर साडेचार तासांत पळायचे तर पहिले दहा किती मिनिटांत पळावेत, हा हिशेब करायला त्यांनी 14 हजारांचं घड्याळ घेतलं होतं. आणि घड्याळ घेतलं म्हणजे हिशेब झाला, अशी त्यांची समजूत होती.

तयारीत उणं काही ठेवलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, शर्यतीपूर्वी दोन-तीन आठवडे धावणं कमी करावं. अप्पांनी आदल्याच रविवारी रेवदंडा गाठून परतीची फेरी मारली, ‘आत्मविश्वासासाठी’. लिहिलं होतं, कर्बोदकं वाढवा. तो जानेवारी, म्हणजे पोपटीचा मोसम. मेव्हण्याच्या वाडीत भांबुर्डीच्या पाल्याने भरलेलं मडकं उलटं घालून पेंढा पेटवला होता. आत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि कोंबडी. ‘‘बटाटा म्हणजे कार्बच,’’ असं म्हणून अप्पा बसले आणि शेंगांच्या टरफलांचा ढीग करून उठले. वालाच्या शेंगा आणि पहाटे पाचची शर्यत यांचं नातं काय असतं, ते त्यांना सीएसएमटीसमोरच्या फिरत्या शौचालयांच्या रांगेत कळलं. रांगेतून सुटका झाली तेव्हा त्यांचा गट निघून गेला होता.

इथेच घात झाला. लेट मार्क हा शब्द ज्यांच्या रक्तात भिनलाय, त्या माणसाला वाटलं, आता वेळ भरून काढली पाहिजे. वास्तविक चिप बिबवर असते, वेळ आपण रेघ ओलांडल्यावर सुरू होते. पण हे अप्पांच्या डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं.

मॅरेथॉनमध्ये पेसर असतात. हातात वेळेचा झेंडा धरून ते एका ठरावीक गतीने धावतात, आणि त्यांच्यामागे जमलेल्या घोळक्याला मुंबईचे धावपटू ‘बस’ म्हणतात. अप्पांनी साडेचारची बस मरीन ड्राइव्हवर गाठली. तिथे थांबायचं, तर त्यांनी बसचा वेग बघितला, नाक मुरडलं आणि बस मागे टाकली. सी लिंकवर उजाडत होतं, खाली समुद्र आपलाच, वारा आपलाच. मोबाइल काढून त्यांनी पळता पळता वहिनींना आवाज रेकॉर्ड करून पाठवला, ‘‘ऐक, काहीच वाटत नाहीये!’’ हा पुरावा पुढे त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. सुरुवातीला उधळपट्टी केली तर त्याहून आधी. धावणारे त्याला ‘वॉल’ म्हणतात. अप्पांना ती शिवाजी पार्कपाशी भेटली. तिथेच मागून झेंडा आला, साडेचारची बस आली, त्यातला एक गृहस्थ ‘‘चला काका!’’ म्हणाला आणि बस गेली. मग पाचची बस आली. तीही गेली. मांडव्याला बोट चुकली तर पुढची मिळते, या अनुभवावर जगलेल्या माणसाला मागची प्रत्येक बस आपल्याला सोडून जाते हे बघणं फार जड गेलं असावं.

पेडर रोडच्या चढाला पोटरीत गोळा आला. बनियनवर छातीशी मोठ्या अक्षरांत ‘अलिबाग’ छापून घेतलेलं. कडेच्या एका पोराने ते वाचलं आणि मुंबईकराला जे सुचतं तेच ओरडला, ‘‘अलिबाग से आया है क्या?’’ या वाक्यावर बंदी आणावी म्हणून एक अलिबागकर उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2019 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. अप्पा त्या काळात याचिकेच्या बाजूचे. पण त्या क्षणी दुभाजकाला टेकून पोटरी चोळत ते म्हणाले, ‘‘हां बेटा.’’ पोराने धावत जाऊन त्यांना संत्र्याची फोड आणून दिली. मुंबईबद्दल अप्पा तेव्हापासून जरा जपून बोलतात.

वेळ लागली 5 तास 52 मिनिटं. पहिला अर्धा 2 तास 6 मिनिटांत, दुसरा 3 तास 46 मिनिटांत. गेटवेला लाँचमध्ये त्यांना दोन खलाशांनी धरून उतरवलं.

मंगळवारी चौकशी सुरू झाली. अप्पांनी खरोखर हिरवी नोटशीट घेतली. विषय: अपेक्षित वेळ साध्य न होणेबाबत. कारणमीमांसेत हवेतली आर्द्रता होती, बुटांच्या कार्बन प्लेट होत्या, पाण्याच्या स्टॉलवर निसरडं झालेलं होतं, जेलची चव होती, मेव्हणा होता (पोपटीमुळे), आणि पेडर रोडचा चढ ‘अनावश्यक’ असल्याचा स्पष्ट शेरा होता. जबाबदारी निश्चित करण्यात आली होती. अपचारी म्हणून अप्पांचं नाव मात्र कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलेल्या बहुतेक अहवालांची हीच पद्धत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

कार्बन प्लेटवरून आठवलं. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांनी आपल्या बुटांबद्दल काही टिपणी सादर केल्याचं माझ्या वाचनात नाही. हे मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्या काळी आर्द्रता कमी होती.’’

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नोटशीट वाचली नाही. घड्याळाचं ॲप उघडलं.

‘‘पहिले दहा किलोमीटर छप्पन्न मिनिटांत. साडेचार तासांसाठी किती लागतात?’’

‘‘चौसष्ट.’’

‘‘मग आठ मिनिटं कुणाची घेतलीत?’’

अप्पा गप्प. वहिनींनी सी लिंकवरचं रेकॉर्डिंग लावलं. ‘‘काहीच वाटत नाहीये!’’ त्यांनी ते पुन्हा एकदा लावलं, आणि नोटशीटच्या समासात लाल पेनने लिहिलं: ‘सुरुवातीला हळू.’ खाली सही.

ही सुधारणा करायला अप्पांना सगळ्यात कष्ट पडले. कनकेश्वर दुप्पट चढायला ते तयार होते, गोड सोडायला तयार होते. हळू पळायला तयार नव्हते. हळू पळताना ओळखीचे लोक दिसतात ना! चौलच्या नाक्यावर चहा पिणारे ‘‘काय अप्पा, आज बरं नाही वाटतं?’’ म्हणतात. तरीही ते वर्षभर हळू पळायला शिकले. वहिनी स्कूटरवरून मागे असायच्या, आणि वेग वाढला की हॉर्न.

पुढच्या जानेवारीत पोपटी शर्यतीनंतर झाली. अप्पा पहिल्यापासून बसमध्ये राहिले, तिसाव्या किलोमीटरला बसमध्ये होते, पेडर रोडला थोडे मागे पडले आणि 4 तास 38 मिनिटांत पोचले. साडेचार हुकलेच. नोटशीट पुन्हा निघाली आहे; या वेळी आठ मिनिटांचा ठपका पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर आहे.

शनिवार-रविवारी पहाटे नागाव-रेवदंडा रस्त्याने गाडी हाकणाऱ्या मुंबईकरांना एक विनंती. कडेने डोक्याला दिवा लावलेला, हळूहळू पळणारा आणि मागे स्कूटर असलेला माणूस दिसला तर लाइट खाली करा, वेग कमी करा, आणि काच खाली करून ‘किती झाले?’ एवढं मात्र विचारू नका. तो थांबून सांगेल.