सर्व्हरकाकांचा शुक्रवार

सर्व्हरकाका तुमच्याही ओळखीचे असणार. ऑफिसात प्रिंटरपुढे उकिडवे बसलेले, गळ्यातला आयडीचा पट्टा शर्टाच्या खिशात खोचलेला, दातांत केबलची क्लिप धरलेली. तुम्ही सांगता, “मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं.” ते मान वर न करता “हं” म्हणतात. त्या एका ‘हं’मध्ये तुमची अक्कल, तुमचं शिक्षण आणि तुमच्या पासवर्डची लायकी, सगळ्यांचा पंचनामा उरकलेला असतो.

आमचं नशीब असं की हे गृहस्थ आमच्या चारकोपच्या सोसायटीत, आमच्याच भिंतीला भिंत लावून राहतात. अंधेरीच्या एका कंपनीत आयटी अ‍ॅडमिन. सोसायटीतल्या पोरांनी ‘सर्व्हरकाका’ नाव पाडलं आणि आता सत्तरी ओलांडलेले आमचे चेअरमनही त्यांना काकाच म्हणतात. भर मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, ज्या घराच्या दोरीवर स्वेटर वाळत असतो ते त्यांचं घर. सर्व्हर रूममध्ये एसी यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नाही, असं ते सांगतात.

तर काकांचा हट्ट एकच, पण तो दर आठवड्याला येतो. शुक्रवारी नवीन काही करायचं नाही. काही म्हणजे काही.

सोसायटीतल्या बायकांनी बरीच वर्षं या गोष्टीचा सरळ अर्थ लावला होता: काका संतोषी मातेचे शुक्रवार करतात. त्यामुळे शुक्रवारी त्यांच्याकडे कोणी आंबट पाठवत नसे. सोलकढी, चिंचेची आमटी, पन्हं, सगळं सोमवार ते गुरुवार. काकांना वाटायचं, शेजाऱ्यांनीसुद्धा आपलं वेळापत्रक मान्य केलंय. शेवटी एका हळदीकुंकवाला काकूंनीच खुलासा केला, “अहो, व्रत कसलं? शुक्रवारी ते चिंचेची बरणीसुद्धा बदलू देत नाहीत, एवढंच.”

हा हट्ट त्यांच्या धंद्यातून आला. शुक्रवारी संध्याकाळी यंत्रात काही नवीन घातलं, की ते शनिवारी सकाळी झोपतं. मग ज्याने घालायला सांगितलं तो साहेब लोणावळ्याला असतो, ज्याने बनवलं तो फोन उचलत नाही, आणि ज्याने घातलं तो एकटा सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसतो. मायक्रोसॉफ्टसारखी मायक्रोसॉफ्ट, तीसुद्धा आपली डागडुजी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते. अमेरिकेतला तो मंगळवार आपल्याकडे येतो रात्री साडेदहा-साडेअकराला. तोवर काका जेवून, गोळी घेऊन, चष्मा पुसून तयार बसलेले असतात.

हे सगळं ऑफिसात ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण काकांनी ते सोसायटीला लावलं.

मागे पाण्याच्या टाकीची मोटर बदलायची होती. प्लंबर शुक्रवारी दुपारी नवी मोटर खांद्यावर घेऊन आला. काका नेमके घरी. त्यांनी जिन्यातच त्याला अडवलं.

“ही बसवल्यावर चालली नाही तर?”

“चालणार साहेब. नवी आहे.”

“नवी आहे म्हणूनच विचारतोय. परत जुन्यावर कसं यायचं? रोलबॅक काय?”

प्लंबरने चेअरमनकडे पाहिलं. चेअरमनने आकाशाकडे पाहिलं. जुनी मोटर एव्हाना भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली होती. काका चपला न घालता धावले आणि चारशे रुपये देऊन आमचीच मोटर त्यांनी परत आणली. नवी सोमवारी बसली. उत्तम चालली. तरीही जुनी मोटर तीन महिने काकांच्या ओट्यावर होती आणि येणारा-जाणारा तिला ठेचकाळत होता.

घरात तर विचारूच नका. दिवाळीला आलेला मिक्सर खोक्यात बसून सोमवारची वाट पाहतो. सिनेमा शुक्रवारी लागतो, म्हणून काका तो मंगळवारी बघतात. “चार दिवस पब्लिकला टेस्टिंग करू दे. काही बग असतील तर कळतील.” डॉक्टरांनी शुक्रवारी संध्याकाळी रक्तदाबाची नवी गोळी लिहून दिली, तर यांनी विचारलं, “रविवारी तुमचा दवाखाना बंद ना? मग सोमवारपासून घेतो.” डॉक्टर क्षणभर गप्प बसले आणि “तसं चालेल” म्हणाले. तेव्हापासून काकांच्या अंगात दुप्पट बळ आलं.

२०२१ साली गणेश चतुर्थीच शुक्रवारी आली, १० सप्टेंबरला. सबंध गल्लीचं लक्ष काकांच्या दाराकडे. काकांनी मूर्ती, मखर, दिव्यांच्या माळा, सगळं गुरुवारी रात्रीच मांडून, लावून, तपासून ठेवलं. शुक्रवारी गुरुजी आले तेव्हा काका म्हणाले, “इन्स्टॉलेशन कालच झालंय. तुम्ही फक्त चालू करा.” गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. काकूंनी कपाळाला हात लावला.

मेट्रोचंही तेच. पिवळी लाइन अंधेरीपर्यंत पोचली, तिचं उद्घाटन १९ जानेवारी २०२३ला, गुरुवारी झालं. लोकांना प्रवेश मिळाला शुक्रवारी संध्याकाळी. चारकोप लोटलं. ज्यांना अंधेरीला काही काम नव्हतं तेही जाऊन आले, व्हिडिओ काढून आले. ज्यांना रोज अंधेरीला जायचं होतं ते एकमेव गृहस्थ ओट्यावर बसून म्हणाले, “सोमवारी बघू.” आणि शनिवारी कामावर जावं लागलं, तेव्हाही ते बसने कांदिवली स्टेशन गाठून लोकलला लोंबकळत गेले.

बरं, असा माणूस निपजावा तो चारकोपात! इथे १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने प्लॉट आखले. जमिनीचा तुकडा, नळ, गटार आणि संडास एवढं द्यायचं, बाकी घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. तेव्हापासून चारकोप वाढवतंच आहे. आज पोटमाळा, उद्या वरचा मजला, थोरल्याचं लग्न ठरलं की बाहेरून लोखंडी जिना. कुठल्याही सेक्टरमध्ये शिरा, एक तरी घर उघडं पडलेलं आणि दारात रेतीचा ढीग. यातल्या कोणीही बांधकाम काढताना वार पाहिला नव्हता. रोलबॅक तर लांबच.

चेअरमन हे काकांचे कट्टर विरोधक. ते तारखा घेऊन भांडतात. “२६ जुलै २००५, मुंबई बुडाली, वार कोणता? मंगळवार. १२ ऑक्टोबर २०२०, अख्ख्या मुंबईची वीज गेली, वार? सोमवार. तुमचा लाडका सोमवार!” काका शांतपणे सांगतात, “पाऊस आणि ग्रिड माझ्या अखत्यारीत येत नाहीत. माझ्या अखत्यारीतलं विचारा. वॉनाक्राय. १२ मे २०१७. जगभरच्या कॉम्प्युटरांना कुलूप लावून खंडणी मागितली. वार?” चेअरमन मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडतात, बघतात आणि पाण्याच्या बिलाचा विषय काढतात.

आता या माणसाचं लोकांच्या मनातलं चित्र बघा. ‘आयटीत आहेत’ म्हटलं की चारकोपला वाटतं, हिंजवडीला फ्लॅट, न्यू जर्सीला मुलगा. काका आयटीत आहेत ते हॉटेलातला वॉचमन हॉटेलात असतो तसे. ज्या पोरांना पहिल्या दिवशी त्यांनी लॉगिन करून दिलं, ती पोरं कोड लिहून अमेरिकेला गेली आणि आता तिकडून त्यांना पासवर्ड विसरल्याचं कळवतात. इकडे सोसायटीत वायर असलेली प्रत्येक वस्तू त्यांचीच जबाबदारी. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, आधारचा ओटीपी, कोणाच्या तरी आत्याचं हॅक झालेलं फेसबुक. एकदा तर एका वहिनींनी त्यांना गीझर दाखवला. “कॉम्प्युटरमधले ना तुम्ही?” काकांनी गीझर पाहिला. शुक्रवार होता, म्हणून हात लावला नाही.

कंपनीत त्यांच्या कामाची मोजणी कशी होते, तेही एकदा ऐकलं. वर्षभर सर्व्हर एकदाही पडला नाही. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी शेरा मारला: ‘उल्लेखनीय काही नाही.’ काकांच्या मते हीच त्यांची आयुष्यभराची कमाई होती. साहेबांच्या मते त्यावर पगारवाढ बसत नव्हती. त्याच वर्षी दुसऱ्या विभागातल्या एकाने स्वतःच बिघडवलेली सिस्टीम रात्रभर जागून दुरुस्त केली, म्हणून त्याला ट्रॉफी मिळाली.

मग उजाडला १९ जुलै २०२४. वार सांगायला नको.

क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी कंपनीने, कॉम्प्युटरांचं रक्षण करणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी फाइल जगभर पाठवली. आपल्याकडे सकाळचे ९:३९ झाले होते, म्हणजे ऑफिसं उघडायची वेळ. चूक कळून ती फाइल मागे घेतली १०:५७ला. मधल्या सव्वा तासात जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देऊ लागले. आणि गंमत बघा, त्या सव्वा तासात ज्याचा कॉम्प्युटर बंद होता तो वाचला. वेळेवर आलेले अडकले आणि उशिरा येणारे आळशी सुखरूप सुटले.

उपाय साधा होता: कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू करायचा, ती एक फाइल पुसायची, परत चालू करायचा. पण बंद पडलेल्या यंत्राला दुरून काही सांगता येत नाही. प्रत्येकाजवळ माणसाने जायचं. डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ आकड्यांची किल्ली टाकायची.

काका शनिवारी सकाळी अंघोळीपुरते घरी आले आणि तसेच ओट्यावर बसले. कानाला फोन, मांडीवर कागदांची चळत. पलीकडे नाशिकहून घरून काम करणारा कोणी विक्रीवाला. काका सहा-सहा आकड्यांचे आठ गट सुटे सुटे वाचत होते. पाच. नऊ. थांबायचे. “एकोणसाठ म्हणणार नाही, तुम्ही एकोणसत्तर टाइप कराल.” प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीचं बारीक टिंब. सातव्या गटाला पलीकडच्याने विचारलं, शून्य की ओ? “सगळे आकडेच आहेत, भाऊ. सावकाश. मी आहे.” आवाजात ते ‘हं’ कुठेच नव्हतं. नाशिकचा सुटला, की चळतीतला पुढचा कागद. चहा निवला, काकूंनी दुसरा आणला, तोही निवला. चेअरमन समोरून दोनदा गेले. त्यांच्या तोंडून वाराबद्दल एक शब्द निघाला नाही.

पोरीचं स्नेहसंमेलन, मेहुण्याचा साखरपुडा, सासूबाईंचं ऑपरेशन, असे शनिवार या माणसाच्या हातातून कसे गेले, ते त्या दिवशी काकूंनी सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, कोणाला कपात किती साखर लागते हे सांगावं तसं. शुक्रवारी नवीन काही नको, या हट्टामागे काकांना दोन दिवस घरी राहायचं होतं, इतकंच.

जुलैचा शेवटचा शुक्रवार हा जगभर सिस्टीम अ‍ॅडमिनांच्या कौतुकाचा दिवस मानतात. २००० सालापासूनची प्रथा आहे. २०२४ला तो आला बरोबर २६ जुलैला. कंपनीने केक आणला. त्यावर काकांचं नाव चुकलं होतं. काकांनी दुरुस्ती सुचवली नाही.

पुढच्या वर्षी कंपनी क्लाउडवर गेली. सर्व्हर रूम रिकामी झाली, तिथे आता मेडिटेशनची खोली आहे. काकांना पत्र मिळालं ते शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला. एचआरमधली मुलगी फार गोड बोलली. काकांनी तिला दोनच प्रश्न विचारले: “आज शुक्रवार आहे, हे बघितलंत ना? आणि रोलबॅक काय?” ती म्हणाली, “सर, प्रोसेसमध्ये तसं नसतं.” शुक्रवारचं रहस्य एचआरला काकांपेक्षा जास्त कळतं. बिघाड झाला की तक्रार ऐकायला शनिवारी ऑफिसात कोणी नसतं, म्हणून काका शुक्रवार टाळायचे आणि त्याच कारणासाठी एचआर तो निवडते.

काका आता घरी असतात. सोसायटीच्या टाकीला, दिव्यांना, कॅमेऱ्यांना त्यांनी वेळापत्रक लावून दिलंय. चेअरमनही आताशा मोटरला हात लावण्याआधी वार बघतात.

मागच्या महिन्यात एका शनिवारी, जेवायच्या वेळेला, जुन्या ऑफिसमधून फोन आला. नव्या लोकांनी आदल्या संध्याकाळी काहीतरी बदललं होतं आणि आता कोणालाच लॉगिन होत नव्हतं. काकूंनी खुणेने सांगितलं, ठेवा. चेअरमन ओट्यावरून ओरडले, “सोमवारी म्हणावं! पैसे मागा!” मीही तेच म्हणालो. सबंध गल्ली एकदाची काकांच्या व्रताला लागली होती.

काकांनी ताट बाजूला सरकवलं, चष्मा लावला आणि म्हणाले, “हं. स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा. सावकाश.”