जोड दिसतोय का?

नेरूळच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलं, की पाण्याच्या पेल्याआधी प्रश्न येतो. ‘जोड दिसतोय का?’ कशाचा जोड, कुठला जोड, असं उलट विचारायचं नसतं. समोरच्या भिंतीकडे बघायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, ‘छे! कुठे काय?’ मग चहा येतो. खरं बोलणारे तसेच कोरडे परत गेलेले मी पाहिले आहेत.

हा नमुना फक्त आमच्याकडेच आहे, असा आमचा दावा नाही. घरात ए-फोरचा प्रिंटर, डोक्यात ए-झिरोच्या कल्पना आणि फ्लेक्सवाल्याला पैसे द्यायची तयारी शून्य, असा एक तरी गृहस्थ नवी मुंबईत दर दोन-तीन सोसायट्यांमागे सापडतो. वाशीत सापडेल, ऐरोलीत सापडेल, खारघरला तर हॉल मोठे असल्यामुळे जरा जास्तच फोफावलेला सापडेल. साधा घरगुती प्रिंटर, शेजारी पाचशे कागदांचं रीम, ग्लूस्टिकच्या रिकाम्या नळ्या आणि पायाखाली कागदाच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या कातरणांचा चिवडा. ही त्याची ओळख.

काकांच्या हॉलला रंग कुठला आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. टीव्हीच्या वर नातवाचा पहिला वाढदिवस, नऊ कागदांत. सोफ्याच्या मागे सिंहगड, वीस कागदांत. आतल्या खोलीच्या दारावर काकूंच्या आई, सोळा कागदांत. या सोळा कागदांवरून घरात एक जुना वाद आहे. माणसाचा चेहरा छापायचा असेल तर उभ्या रांगा विषम घ्यायच्या, तीन किंवा पाच. म्हणजे नाक मधल्या कागदावर अखंड येतं. सम घेतल्या की बरोबर नाकाची फाळणी होते. हे ज्ञान काकांना सासूबाईंच्या चार रांगा चिकटवून झाल्यावर प्राप्त झालं. त्यांच्या दोन नाकपुड्या दोन कागदांवर आहेत आणि दोन्हींत दीड मिलिमीटरचा फरक आहे. काकूंनी हे प्रकरण अजून मिटवलेलं नाही. ‘मुद्दाम केलंत,’ एवढंच त्या म्हणतात.

काकांची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात झाली, ड्राफ्ट्समन म्हणून. मोठ्या तिरप्या टेबलावर ए-झिरोचा कागद ताणून बसवायचा, 841 मिलिमीटर बाय 1189, आणि दिवसभर त्यावर वाकायचं. पुढे कॉम्प्युटर आला, टेबलं भंगारात गेली, आणि काकांच्या हाताला ए-झिरोची लागलेली सवय मात्र तशीच राहिली. निवृत्त झाल्यावर मुलानं घरी प्रिंटर आणून दिला. लाइटबिलं आणि पेन्शनचे कागद छापावेत, एवढाच त्याचा हेतू होता. तो काकांना ओळखत नसावा.

‘अरे, ए-झिरो म्हणजे काय? सोळा ए-फोर!’ हे वाक्य त्यांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा स्मशानातून परतताना सांगितलं आहे. हे सगळं जर्मनांनी 1922 साली ठरवून ठेवलं, कागद अर्धा दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, आणि ए-झिरोचं क्षेत्रफळ असतं बरोबर एक चौरस मीटर. मग पुड्यावर जो 75 जीएसएम लिहिलेला असतो, त्याचा अर्थ सोळा कागदांचं वजन 75 ग्रॅम. मी नुसती मान हलवली म्हणून त्यांनी काकूंचा स्वयंपाकघरातला काटा आणला, आणि त्यावर सोळा कागद ठेवले. काटा 74 वर थांबला. मला वाटलं, आता प्रकरण आटोपलं. काकांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘आज हवा कोरडी आहे. श्रावणात ये, 78 दाखवतो.’

तर हे असे काका. नुसत्या हौसेनं बोलत नाहीत. छपाईच्या खिडकीत ‘पोस्टर’ म्हणून एक कळ असते, ती आपण जन्मात कधी दाबत नाही. ती दाबली की एकच चित्र हव्या तितक्या कागदांवर वाटून निघतं. काकांनी ती कळ शोधली तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तो मुलगा अमेरिकेला लागला तेव्हाही झाला नव्हता, असं काकूंचं म्हणणं. घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंना पांढरी किनार सोडतो, म्हणून कागद थोडे एकमेकांवर चढवावे लागतात. काका दहा मिलिमीटर चढवतात. डावीकडची आणि वरची किनार कापायची, उजवीकडची आणि खालची ठेवायची, तिच्यावर ग्लूस्टिक फिरवायची. सुरुवातीला त्यांनी गिरगावातल्या लहानपणच्या आठवणीनं मैद्याची खळ करून पाहिली होती. तेव्हा सिनेमाची पोस्टरंसुद्धा सहा शीटची, चोवीस शीटची, तुकड्यातुकड्यांनीच चिकटवत आणि बादलीत खळच असे, हा त्यांचा आधार. पण ती पोस्टरं छापखान्याच्या शाईतली. घरच्या प्रिंटरची रंगीत शाई पाण्याला भेटली की वाहायला लागते. राजगड खळीत तोरण्याकडे वाहत गेला. म्हणून सोफ्यामागे सिंहगड आहे.

आता गेल्या गणपतीची हकिगत.

2018च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि आमच्या सोसायटीचं जुनं मखर एका फटक्यात बेकायदा झालं. तेव्हापासून दरवर्षी सजावटीवरून बैठक होते. कुणी फ्लेक्स सुचवलं की काका उठून उभे राहतात. ‘तेही प्लास्टिकच! थर्माकोल काढलंत आणि बाप्पाच्या पाठीला पीव्हीसी लावताय?’ याला उत्तर नसतं. यंदा विषय ठरला ‘आपली खाडी’, म्हणजे अर्थात फ्लेमिंगो. शहरात चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत, महापालिका शहराला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवते, मग गणपतीनं तरी का मागे राहावं? एका मेंबरनं पामबीच रोडच्या पलीकडच्या तलावावर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. पाठीमागचा पडदा काका करणार, असं काकांनीच जाहीर केलं.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला म्हणजे चुरगळूनच आला. लांब बाजूला साधारण 1600 ठिपके. पडदा साडेपाच फुटांहून थोडा जास्त रुंद. काकांनी हिशोब मांडला : एकेक ठिपका मिलिमीटरभराचा, मोहरीएवढा. मी म्हटलं, ‘काका, मग चौकोन चौकोन दिसतील.’

‘बारा फुटांवरून बघायचं. बारा फुटांवरून डोळ्याला मिलिमीटर दिसत नाही.’

हॉल सिडकोचा, दहा बाय बारा. त्यात एका बाजूला सोफा, एका बाजूला शोकेस. म्हणून काकांचं कुठलंही पोस्टर नीट बघायचं तर उघड्या दारातून मागे मागे जात जिन्याशी जाऊन उभं राहावं लागतं. ‘आणखी मागे ये. आणखी. आता?’ समोरच्या ब्लॉकमधल्या आजींनी गेल्या वर्षभरात तीनदा मला पाठ टेकवून आपली बेल वाजवताना पकडलं आहे.

नऊ उभ्या रांगा, पाच आडव्या, पंचेचाळीस कागद. काकांनी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं खूण केली. प्रिंटर इंग्रजीत छापतो त्या खुणेवर त्यांचा विश्वास नाही. आडव्या रांगांना स्वर : अ, आ, इ, ई, उ. उभ्यांना आकडे. अ आणि आ म्हणजे आकाश, इ म्हणजे पक्ष्यांची अंगं, ई म्हणजे पाय, उ म्हणजे चिखल. चित्र असं सगळं मराठी व्याकरणात बसवल्यावर शनिवारी दुपारी छपाई सुरू झाली.

पंखा बंद. कागद उडतील म्हणून नाही, ते काकांनी डाळीच्या डब्यांखाली दाबले होते. पंखा बंद, कारण वाऱ्यानं प्रिंटरच्या तोंडातून बाहेर येणारा ओला कागद फडफडतो आणि शाई पुसते, असा त्यांचा अनुभव. भाद्रपदातली दुपार, खाडीवरची दमट हवा. काकांच्या कपाळावर आडवा नॅपकिन बांधलेला, कारण मागच्या वेळी घामाचा एक थेंब नातवाच्या गालावर पडला आणि तिथे जन्मखूण उमटली. ते गुडघ्यांवर ओणवे, पोटाखाली काचेचा तुकडा, एका हातात पोलादी पट्टी, दुसऱ्यात कटर. पट्टीवर तळहात दाबला की दोन श्वास थांबायचे आणि मग एकाच ओढीत वरपासून खालपर्यंत. सुर्र. कातरण आपोआप गुंडाळून पडायचं. सत्तरीच्या माणसाचा हात इतका स्थिर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या वेळी ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

इ-7 वर कागद अडकला आणि चुरगळला. प्रिंटर गरम झालाय म्हणून मी उदार होऊन म्हटलं, ‘द्या, मी ऑफिसातून काढून आणतो.’ ऑफिसातलं मशीन लेझर, छपाई झकास. मी आणलेला कागद त्यांनी दोन्ही बाजूंना लावून पाहिला, पट्टी ठेवली आणि चष्मा कपाळावर नेला.

‘फिट टू पेज काढलं होतंस?’

मी काढलं नव्हतं. त्या एका टिचकीनं सगळं चित्र तीन टक्के आखडलं होतं आणि फ्लेमिंगोची मान सहा मिलिमीटरनं मोडली होती. काका मला रागावले नाहीत. काकूंना म्हणाले, ‘याला चहा दे,’ पण ‘जोड दिसतोय का’ हे विचारलं नाही. मला आत कुठेतरी ते लागलं.

खरं संकट ई रांगेत आलं. प्रिंटर महिनाभर बंद होता, तोंडं चोंदली होती, म्हणून काकांनी सकाळी तीन वेळा ‘हेड क्लीनिंग’ केलं होतं. साफसफाईला शाईच लागते. ई-3 वर गुलाबी संपली. शनिवारी रात्री दहा वाजता मॅजेंटाची बाटली कोण देणार? वरच्या तीन रांगांत गुलाबी थवा, आणि कमरेखाली तेच पक्षी पिवळट पांढरे. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत म्हणाल्या, ‘अहो, वरून फ्लेमिंगो आणि खालून कावीळ झालेले बगळे.’

‘प्रतिबिंब आहे ते. उन्हं उतरली आहेत.’

‘पायांवरसुद्धा?’

रविवारी मांडवात सोसायटीची पोरं मदतीला आली. काकांनी मराठी माध्यमाची शेवटची पिढी ओळखण्यात थोडी गल्लत केली. पोरांना आकडे येत होते, स्वर येत होते, फक्त ऱ्हस्व-दीर्घ येत नव्हतं. इ-4 आणि ई-4 यांची अदलाबदल झाली आणि ती लक्षात आली तोवर ग्लूस्टिक वाळली होती. शुद्धलेखनाची चूक वहीत एवढी कधी दिसत नाही. मधोमध एका पक्ष्याचे पाय वर, अंग खाली, बाकी सगळे सरळ.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. काकांनी त्यांना बोलू दिलं नाही. ‘फ्लेमिंगो खाताना डोकं उलटंच धरतो. वाचा जरा.’ हे अगदी खरं आहे. पण डोकं उलटं धरतो, पाय वर करत नाही. हे मला माहीत होतं आणि काकांनाही. शेवटी चौरंग एक फूट डावीकडे सरकवला आणि बाप्पा नेमके ई-4 समोर बसले. विघ्नहर्त्याकडून माणसानं आणखी काय अपेक्षा करायची?

पाच दिवसांत शेकडो माणसं आली. आरतीच्या उजेडात सगळ्यांना फ्लेमिंगो दिसले, कुणी सेल्फी काढले, कुणी मोदकाची चौकशी केली. काका मात्र कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले, आणि त्यांना दिसत होत्या फक्त आठ उभ्या आणि चार आडव्या रेघा. एका नगरसेवकांनी ‘वा, फ्लेक्स छान झालंय’ म्हटलं, तेव्हा त्यांना आनंद झाला की अपमान, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनाही कळलं नसावं.

विसर्जनानंतर आठवड्यानं मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून वाशीला नेत होतो. सायन-पनवेल हायवेलगत एक अजस्र होर्डिंग लागलं आहे, कुठल्याशा टॉवरचं. हसरं कुटुंब, हिरवळ, वर निळं आभाळ. सिग्नलला थांबलो तर मागून माझ्या खांद्यावर बोटं रुतली.

‘बाजूला घे. घे बाजूला!’

मला वाटलं, छातीत कळ आली. स्कूटर कडेला लावली. काका उतरले, मान वर करून उभे राहिले, दोन पावलं डावीकडे, चार मागे, आणि उन्हात डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. फ्लेक्सचं मशीन साधारण दहा फूट रुंदीचं असतं. त्याहून मोठं काही करायचं तर त्यांनाही पट्टे जोडावेच लागतात. त्या हसऱ्या बाईच्या गालावरून, थेट नाकाशेजारून, वरपासून खालपर्यंत एक बारीक सरळ रेघ गेली होती. आभाळ डावीकडे एक निळं, उजवीकडे जरा दुसरं.

घरी आल्यावर काकूंनी दार उघडलं. काकांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

‘अगं, त्यांचासुद्धा दिसतो!’

काय दिसतो, हे काकूंनी विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि तिघांचा चहा टाकला.